सेमी करायचं का? हात वर करायच्या आधी मुलाची विज्ञानाची वही उघडा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण शनिवारी आपल्या शाळेत हात वर करून जे ठरणार आहे ते निदान पुढची पाच-सात वर्षं आपल्या पोरांच्या अंगावर पडणार आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

परवाच्या पालकसभेला जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येत्या जूनपासून सहावीला सेमी इंग्रजी करायचं, म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजी पुस्तकातून शिकवायचं, असा विषय आला. दीड तास सभा चालली. त्यातला तासभर "शेजारच्या गावात सेमी झालंय, आपल्याच पोरांनी काय पाप केलंय" आणि "मराठी मारायला निघालात काय" या दोन वाक्यांवर गेला. शेवटी हेडसरांनी सभा शनिवारवर ढकलली. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, माझी मुलगी आत्ता पाचवीत आहे, म्हणजे हा निर्णय पहिल्यांदा माझ्याच घरात येऊन बसणार. सभेत मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा काय बोलायचं ते कळत नव्हतं. घरी आल्यावर एक उद्योग केला, त्यानंतर कळलं.

रविवारी मुलीसोबत खेळायला सहावी-सातवीची पोरं आली होती, सहा जण. तीन फडकी एकसारखी भिजवून पिळली. एक अंगणात उन्हात टाकलं, एक गोठ्याच्या मागं सावलीत, एक आतल्या खोलीत खुंटीला. पोरांना म्हटलं, खेळा, मधून मधून बघून या, आणि तासाभराने मला चार ओळी लिहून द्या, काय झालं आणि का झालं. बक्षीस म्हणून कुल्फी.

सहापैकी चौघांनी लिहिलं: द्रवाचे वाफेत रूपांतर होणे म्हणजे बाष्पीभवन होय. बस, एवढंच. एकाने त्याच्या खाली बाष्पीभवनाचे दोन उपयोग लिहिले, मी न विचारता. पाचव्याने लिहिलं, "कपडा सुकला." कुठला कपडा, किती वेळात, काही नाही. सहावी पोरगी पेन चावत बसली होती. तिला विचारलं, अगं तू का लिहीत नाहीस? तर म्हणाली, "काकी, लिवायला येत न्हाई, सांगू का?" म्हटलं सांग. तिने जे सांगितलं ते जवळजवळ जसंच्या तसं देते: "उन्हातलं तर पयलंच वाळलं. पर गोठ्यामागचं बी वाळत आलंय, तिथं ऊन न्हाई पर वारं लागतंय. खोलीतलं अजून वलंच हाय, तिथं ना ऊन ना वारं."

मी बी.एस्सी. आहे. प्रामाणिकपणे सांगते, फडकी टाकताना माझ्या डोक्यात फक्त ऊन आणि सावली होतं. वाऱ्याचं माझ्याही लक्षात नव्हतं. या पोरीने पाहिलं, तुलना केली, एक कारण बाजूला करून दुसरं कारण शोधलं. विज्ञान म्हणतात ते हेच की. आणि या पोरीला वर्गात विज्ञानात 'कच्ची' धरलेलं आहे, कारण तिला व्याख्या पाठ होत नाही आणि वहीत लिहिता येत नाही. ज्या चौघांनी व्याख्या लिहिली त्यांना पेपरात पूर्ण मार्क पडतील. त्यातल्या एकानेही फडक्याकडे वळून पाहिलं नव्हतं, कुल्फीकडे मात्र पाहिलं.

आता मला सांगा, या सहा पोरांचा प्रॉब्लेम पुस्तक मराठीत आहे म्हणून आहे का? उद्या ते पुस्तक इंग्रजीत केलं तर चौघं 'इव्हॅपोरेशन'ची व्याख्या पाठ करतील, स्पेलिंगसकट. आणि ती सहावी पोरगी आत्ता निदान तोंडाने तरी सांगत होती. तिचं तेही बंद होईल.

इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, मलाही समितीत येईपर्यंत नव्हती. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच, धडे सुरू व्हायच्या आधी, 'अध्ययन निष्पत्ती' नावाचं पान असतं. शब्द जड आहे, अर्थ सोपा: हे वर्ष संपल्यावर पोराला काय काय करता आलं पाहिजे याची यादी. ही यादी शिक्षकांनी मनाने केलेली नाही. २०१७ साली एनसीईआरटीने पहिली ते आठवीसाठी इयत्तावार निष्पत्ती काढल्या, आरटीईच्या केंद्रीय नियमांतही त्याच वर्षी तशी दुरुस्ती झाली आणि राज्यांनी त्या घेतल्या. म्हणजे शाळेने काय शिकवायचं याचा जो सरकारी मापदंड आहे तो तुमच्या पोराच्या दप्तरात रोज येतो-जातो. आपण पुस्तकाला कव्हर घालतो, नाव लिहितो आणि ते पान उलटून पहिल्या धड्यावर जातो. बरेच शिक्षकही तेच करतात, त्यांना दोष देत नाही, त्यांच्यामागे पोर्टल भरायचं लचांड किती आहे ते मी महिन्याच्या महिन्याला बघते.

ते पान एकदा वाचून बघा. विज्ञानाच्या यादीत व्याख्या सांगणे हे जवळजवळ कुठंच नाही. आहे ते असं: वस्तूंचे गुणधर्म पाहून गट करणे, प्रश्न पडला की साधा प्रयोग करून उत्तर शोधणे, मोकळं टांगलेलं चुंबक एकाच दिशेला थांबतं का हे करून पाहणे, घडलेल्या गोष्टीचं कारण सांगणे, आकृती काढून नावं देणे, शिकलेलं रोजच्या जगण्यात वापरणे. भाषेच्या यादीत काय? पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि लिहिणे. अनोळखी मजकूर वाचून त्यावर प्रश्न विचारणे. सूचना वाचून तसं करणे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की लक्षात येतं, निम्मं काम एकच आहे. बघ, विचार कर, नीट सांग, नीट लिही. फडक्यांवर चार ओळी लिहिणं हा मराठीचाही अभ्यास होता आणि विज्ञानाचाही. शाळेत मात्र दोन तासांमध्ये घंटा वाजते आणि मध्ये भिंत उभी राहते. मराठीच्या तासाला 'माझा आवडता ऋतू', विज्ञानाच्या तासाला 'शास्त्रीय कारणे लिहा', आणि दोन्हीची उत्तरं गाईडमध्ये तयार.

या 'शास्त्रीय कारणे लिहा'ची मला फार गंमत वाटते. प्रश्न मुळात सुंदर आहे. माठातलं पाणी गार का होतं, याचं कारण पोराने डोकं चालवून शोधायचं, यापेक्षा चांगला प्रश्न कुठला? पण कारण एकदा 'अपेक्षित'मध्ये तीन मुद्द्यांत छापलं की ते कारण राहत नाही, ती एक छोटी कविताच होते. माझ्या पोरीने गेल्या आठवड्यात माठाचं कारण घडाघडा म्हणून दाखवलं. मी विचारलं, मग आपल्या प्लास्टिकच्या ड्रममधलं पाणी गार का होत नाही? गप्प. 'तो प्रश्न धड्यात नाही.'

आता वरच्या पातळीवर काय चाललंय ते बघा, कारण आपली सभा त्याचीच गावपातळीवरची कॉपी होती.

१६ एप्रिल २०२५ ला जीआर आला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. १७ जूनला दुसरा जीआर आला, त्यात सक्ती हा शब्द गेला आणि 'सर्वसाधारणपणे' आला, दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं पाहिजेत अशी अट आली. पुन्हा गदारोळ. २९ जूनला दोन्ही जीआर रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विरोध योग्यच होता, मीही या भिंतीवर तेव्हा लिहिलं होतं. सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा कशाला. पण त्या अडीच महिन्यांत टीव्हीवर, मोर्च्यात, विधानभवनात एक प्रश्न कुणी फारसा विचारलेला मी ऐकला नाही: तिसरी राहू द्या, पहिल्या भाषेत आपली पोरं काय करू शकतात? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, आपण पेढे वाटले. २०२० पासून राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचा कायदा आहे. छान आहे सगळं. आणि सातवीतली पोरगी म्हणते, लिवायला येत न्हाई.

त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्य मंडळाच्या शाळांत टप्प्याटप्प्याने सीबीएसईचा पॅटर्न आणायचं जाहीर केलं होतं. ऐकून आपल्याकडे बरेच पालक खूश झाले. सीबीएसई म्हणजे वरचं, स्टेट बोर्ड म्हणजे खालचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दरवेळी ते खरं असतंच असं नाही. एक उदाहरण देते. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा धडा गेला आणि 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता उरली. कारण दिलं होतं कोरोनानंतरचं ओझं कमी करायचं, आणि पुढं अकरावी-बारावीत हे येतंच. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून त्याला विरोध केला. अहो, अकरावीला सायन्स घेणार किती? जो पोरगा दहावीनंतर आयटीआयला जाणार, शेती करणार, त्याने डार्विनचं नाव कधी ऐकायचं? आणि आपलं 'खालचं' स्टेट बोर्ड? २०१८ साली बदललेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानात पहिल्या भागाचा दुसरा धडा मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण, आणि दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. दोन्ही जागेवर. हे मी बालभारतीची जाहिरात म्हणून सांगत नाही. पॅटर्नच्या नावावर जायचं नसतं, आत काय आहे आणि पोराला त्यातलं काय येतंय हे बघायचं असतं, एवढंच.

आणि मापदंड खाली ओढायचा मोहही अधूनमधून सगळ्यांनाच होतो. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळची बातमी आठवत असेल. दहावीला गणित-विज्ञानात ३५ च्या खाली पण २० च्या वर मार्क असतील तर पास करायचं, गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की हा पुढं गणित-विज्ञान घेऊ शकणार नाही. या सूचनेमागचं दुखणं खरं आहे. विज्ञान-गणितात नापास झाला म्हणून पोरगं शिक्षणातूनच बाहेर पडतं, हे आपण आपल्या वाडी-वस्तीवर रोज बघतो. पण वीस मार्कांवर शेरा मारून सोडणं म्हणजे सहावीत जे बघायचं राहिलं ते दहावीत कागदावर कबूल करणं. आजार पाचवीचा आणि दाखला दहावीला.

आता सेमीवर येते. सेमीवाल्यांना वाटत असेल, ही बाई मराठीची बाजू घेऊन भावनिक लिहिणार. थांबा. तुमची बाजू मी जगलेली आहे.

दहावीपर्यंत मी पूर्ण मराठीत शिकले. विज्ञानात पहिली-दुसरी असायचे. अकरावीला तालुक्याच्या गावी सायन्सला गेले. पहिल्याच आठवड्यात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला सरांनी परीक्षानळी वर धरून मला विचारलं, प्रेसिपिटेटचा कलर सांग. समोर पांढरा साका दिसत होता. रिॲक्शन मला तोंडपाठ होती. पण 'प्रेसिपिटेट' म्हणजे आपला 'अवक्षेप' हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी गप्प उभी राहिले आणि मागून हसले. दिवाळीपर्यंत मी वर्गात एक शब्द बोलले नाही. माझ्यासोबत गावातलीच एक मैत्रीण होती, माझ्यापेक्षा हुशार. ती दिवाळीनंतर आर्ट्सला गेली. आज बरी आहे, सुखात आहे, पण तिला डॉक्टर व्हायचं होतं. तेव्हा "मराठीत शिकलेल्या पोरांना पुढं त्रास होत नाही" असं जे शहरात बसून सांगतात त्यांनी मला सांगू नये. होतो. फार होतो. नीटची परीक्षा आता मराठीतूनही देता येते हे खरं, पण अकरावी-बारावीचं कॉलेज, पुस्तकं, क्लास सगळं इंग्रजीच आहे.

पण त्या दिवाळीनंतर काय झालं तेही सांगते. मी एक वही केली, डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. अवक्षेप, अपवर्तन, संयुजा, त्वरण, पेशीपटल. अडीचशे-तीनशे शब्द झाले असतील. परीक्षेपर्यंत बहुतेक पाठ झाले आणि गाडी रुळावर आली. गाडी रुळावर येऊ शकली कारण शब्दांच्या मागची गोष्ट मला माहीत होती. अवक्षेप कसा तयार होतो हे मी दहावीला डोळ्यांनी पाहिलं होतं, आमच्या बाईंनी एका काचेच्या ग्लासात करून दाखवलं होतं. मला फक्त नाव बदलायचं होतं. ज्याला गोष्टच माहीत नाही त्याने नाव कुठल्याही भाषेत पाठ केलं तरी काय फरक पडतो?

म्हणजे त्रास खरा आहे, पण तो तीनशे शब्दांचा त्रास आहे. तीनशे शब्दांसाठी अख्खं विज्ञान अकराव्या वर्षी परक्या भाषेत नेऊन ठेवायचं का, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

मराठीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या पुस्तकातले काही शब्द मराठी आहेत असं म्हणायलाही जीभ अडखळते. 'अपवर्तन' माणदेशातल्या पोराला 'रिफ्रॅक्शन'इतकंच परकं. बाष्पीभवन निदान 'बाष्प'वरून फोडून सांगता येतं, अपवर्तन कसं फोडणार? पाण्यात काठी वाकडी दिसते हे आधी दाखवावं, पोरांनी आपल्या भाषेत "काठी मोडल्यागत दिसती" म्हणावं, मग सांगावं की याला पुस्तकात अपवर्तन म्हणतात आणि इंग्रजीत रिफ्रॅक्शन. तिन्ही शब्द त्याच दिवशी वहीत. याला जास्तीचा एक पैसा लागत नाही.

सेमी झालेल्या दोन शाळांत मी स्वतः जाऊन बसले आहे, नावं घेत नाही. पुस्तक इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी, सर बोलतात मराठी. वाईट काही नाही, उलट सर जीव तोडून शिकवत होते. पण पोरं काय करत होती? फळ्यावरचं उतरवत होती. प्रश्न विचारत नव्हती, कारण प्रश्न इंग्रजीत विचारायचा की मराठीत हेच कळत नव्हतं. उत्तर एका ओळीत, फळ्यावर होतं तेच. ज्यांना घरी बघणारं कुणी आहे, शिकवणी आहे, ती पोरं तरतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मेंढरामागं जाणाऱ्यांची पोरं पहिल्या सहामाहीतच मागच्या बाकावर जातात. आपल्या शाळेत अशी किती आहेत हे सभेत बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांचे आईबाप त्या सभेला नव्हते. ते शनिवारीही नसतील.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं, किमान पाचवीपर्यंत आणि शक्य असेल तर आठवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेत शिकवावं. बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजीत सारखंच असतं, तेच धडे, तीच चित्रं, त्याच निष्पत्ती. म्हणजे सेमीने पोराला 'जास्त' विज्ञान मिळणार नाहीये, तेवढंच मिळणार आहे, फक्त भाषा बदलून.

मग माझं म्हणणं काय? सहावी-सातवीला विज्ञान मराठीतच राहावं, पण पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांतले शब्द भिंतीवर आणि वहीत असावेत. माझी अकरावीतली ती वही पोरांनी सहावीतच सुरू करावी. आपली शाळा सातवीपर्यंत आहे, आठवीला पोरं हायस्कुलात जातात, तिथं ज्याला सेमी घ्यायचं त्याने खुशाल घ्यावं. तेव्हा त्याच्याकडे गोष्टही असेल आणि शब्दही. गणिताचं मी वेगळं धरते. आकड्यांना आणि चिन्हांना भाषा कमी लागते, तिथं सेमीला माझा तेवढा विरोध नाही. फक्त शाब्दिक उदाहरणं पोराला वाचून कळतात का हे बघूनच करा.

पण हे झालं माध्यमाचं. माध्यम मराठी ठेवून आणि बाकी सगळं आहे तसंच चालू ठेवून काही होणार नाही, हे फडक्यांनी मला शिकवलं. मराठी ठेवायची असेल तर मराठीत लिहिता आलं पाहिजे. निपुण भारत ही २०२१ पासूनची केंद्राची योजना, तिचं तिसरीचं लक्ष्य आहे मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणे, आणि २०२६-२७ पर्यंत सगळी पोरं तिथं पोचायची आहेत. आपण मोबाईलवर वेळ लावून आपल्या सातवीच्या पोराचं हे वाचन घेऊन बघू. धड्यातला उतारा नको, तो पाठ असतो. आजच्या पेपरातली बातमी घ्या. मी घेऊन बघितलं. काय निघालं ते लिहीत नाही, पोरांची नावं नसली तरी गावात सगळ्यांना कळतं.

हे सगळं कशासाठी, याचं एक उदाहरण आपल्याच बागेतलं. डाळिंबाला आपण वर्षातून किती फवारण्या घेतो? औषधाच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत चौकोन असतो, त्यात लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, हिरवा त्यामानाने कमी. आत एक घडीपत्रक असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. लीटरला अर्धा ग्रॅम लिहिलं असेल तर पंधरा लीटरच्या पंपाला साडेसात ग्रॅम. आपण टोपणाने मापतो, आणि वर एक टोपण 'जोर यावा' म्हणून. तेल्या रोग जिवाणूचा, तरी बुरशीच्या औषधावर औषध मारणारे आपल्यात आहेत, कारण दुकानदाराने दिलं. जिवाणू आणि बुरशी वेगळे हे सातवी-आठवीपर्यंतच्या विज्ञानात येतं. पत्रक वाचून तसं करणं हे भाषेत येतं. गुणाकार गणितात येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्याला कारणं अनेक होती, विकणारे, तपासणारे, पंप, उंच वाढलेली कपाशी, मास्क-हातमोजे न मिळणं, सगळंच. सगळा दोष शाळेवर टाकायचा नाही. पण सातवी शिकलेल्या पोराला घरातल्या औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण वाचता यावा आणि बापाला "दादा, हा लाल हाय, तोंड बांध" म्हणता यावं, एवढी अपेक्षा मराठी आणि विज्ञान या दोन विषयांकडून मिळून ठेवायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतील, ताई, शिक्षक किती आहेत ते बघा आधी. बरोबर. सात वर्गांना चार शिक्षक आहेत, त्यातले एक बरेचदा मीटिंगला नाहीतर ट्रेनिंगला. प्रयोगाची पेटी आहे पण कुलूप गंजलंय, ते मी स्वतः तेल घालून उघडलं, आत भिंगं आणि चुंबकं चांगली आहेत. शिक्षकाची जागा भरून घ्यायला समितीने ठराव केला पाहिजे, दरमहा केला पाहिजे, त्यात माझी पहिली सही. पण तीन फडक्यांना शिक्षकाची जागा मंजूर व्हावी लागत नाही. आठवड्यातून एक प्रयोग आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत पाच ओळी, आणि त्या पाच ओळी मराठीच्या बाईंनीच तपासायच्या, विज्ञानाच्या सरांसोबत बसून. एवढंच मागणार आहे मी शनिवारी. पाच ओळींत चूक शुद्धलेखन असलं तरी चालेल, "वलं" लिहिलं तरी चालेल, त्याच्या शेजारी लाल पेनने 'ओलं' लिहा आणि पुढच्या आठवड्याला बघा. पण फळ्यावरून उतरवलेलं नको.

तेव्हा सेमीला हो म्हणणारे असोत की नाही म्हणणारे, दोघांना एकच विनंती. आज रात्री पोराची विज्ञानाची वही उघडा. त्यात एक तरी वाक्य शोधा जे पुस्तकात नाही, गाईडमध्ये नाही, फळ्यावर नव्हतं, पोराने स्वतः बघून लिहिलंय. सापडलं तर मला दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेईन आणि तुमच्यासोबत सेमीला हात वर करेन. माझ्या पोरीच्या वहीत मला सापडलं नाही.

शनिवारी सकाळी दहाला सभा आहे, शाळेच्या व्हरांड्यात. ज्यांचे आईबाप कामावर गेलेत त्या पोरांच्या आज्ज्यांना घेऊन या, त्यांचंही मत लागतंय. आणि येताना वही घेऊन या.